पोटातला एक्सपी नव्या संगणकात नेताना

लग्नसराई तोंडावर आली की डीटीपीवाला नव्या संगणकाचं नाव काढत नाही. बिलोलीसारख्या, नांदेडपेक्षा बोधन जवळ असलेल्या तालुक्याच्या गावी पत्रिका जुळवायला पेजमेकर ७ पुरतं. ते २००१ सालचं. त्यातले जुने मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचे; मजकूर दुसरीकडे उघडला की अक्षरांचा चिवडा होतो. त्यावर तोड म्हणजे हे सगळं ज्यावर चालतं तो विंडोज एक्सपीच व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये, संगणकाच्या पोटातल्या संगणकात चालवायचा. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ नंतर थांबले, तेव्हा त्याचं इंटरनेट तोडून ठेवलेलंच बरं.

पण संगणक बदलला की एक्सपी, पेजमेकर, फॉन्ट सगळं नव्याने टाकावं लागणार, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. हा आतला संगणक म्हणजे काही फाइली: डिस्कची एक मोठी व्हीडीआय आणि रचना लिहिलेली छोटी व्हीबॉक्स फाइल. अख्खं फोल्डर नव्या संगणकावर नेऊन व्हीबॉक्स फाइल उघडली की मशीन जसंच्या तसं उभं राहतं.

मग नुसती व्हीडीआय उचलली तर? बहुतेकांची फजिती इथेच होते. मधल्या काळात, समजा गेल्या वर्षी, स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घेतला असेल, तर त्यानंतरचं सगळं काम स्नॅपशॉटच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलींत साठत जातं. मूळ व्हीडीआय त्या दिवशीच गोठलेली असते. ती एकटी नेली तर मशीन सुरू होतं, पण गेल्या वर्षीचं! यंदाच्या पत्रिका गायब. शिवाय नवं मशीन बनवून व्हीडीआय सॅटा कंट्रोलरला जोडली आणि एक्सपी आधी आयडीई या जुन्या जोडणीवर असला, तर निळा पडदाच दिसतो. डिस्क बिघडली असं समजून माणसं फॉरमॅट मारतात. कंट्रोलर आयडीई करा, काम भागतं.

'एक्सपोर्ट' करून ओव्हीए फाइल बनवणं हा सुटसुटीत मार्ग खरा, पण त्यात फक्त आजची स्थिती जाते, जुने स्नॅपशॉट जात नाहीत.

नेण्याआधी मशीनची खिडकी बंद करताना 'सेव्ह स्टेट' निवडणं म्हणजे मशीन बंद करणं नव्हे. त्यात चालू मेमरी फाइलीत गोठते, आणि इंटेलवर गोठलेली मेमरी एएमडीवर जागी होईलच असं नाही. म्हणून आधी आतला एक्सपी रीतसर शटडाउन करायचा.

फाइली नेताना पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असूनही १० जीबीची फाइल घेत नाही, तेव्हा दोष पेनड्राइव्हचा नसतो. एफएटी३२ पद्धतीत एकेक फाइल ४ जीबीच्या आतच लागते. आधी आतला मजकूर दुसरीकडे काढून पेनड्राइव्ह एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट केला की झालं.

नवा संगणक म्हणजे सगळं चालणारच, हाही भ्रमच. एम१ चिपपासूनच्या मॅकवर किंवा स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपवर प्रोसेसरची जातच वेगळी. व्हर्च्युअलबॉक्स तिथे एक्सपी चालवत नाही. नक्कल करून चालवणारी साधनं आहेत, पण ती रांगतात.

आणि एवढं सगळं नीट जमूनही फॉन्ट उमटले नाहीत, तर फॉन्टचा परवाना तपासणारं यूएसबी लॉक शोधा. ते कुठल्याच फाइलीत नसतं. जुन्या संगणकाच्या मागे, धुळीत खोचलेलं असतं.