कच्चा खर्डा

भिगवणजवळच्या एका प्राथमिक शाळेत चौथीच्या निबंधाच्या वह्या आम्ही चाळत होतो. विषय नेहमीचाच : ‘माझा आवडता पक्षी’. झाडून साऱ्या वह्यांत मोर होता. पहिले वाक्य तो राष्ट्रीय पक्षी असल्याचे, दुसरे पिसाऱ्याचे, तिसरे पावसातल्या नाचाचे. शाळेपासून थोड्याच अंतरावर उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी पसरलेले. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते पाहायला लांबून माणसे येतात. वह्यांमध्ये मात्र त्यांचे एक पीसही सापडले नाही.

वह्या मिटून आम्ही सहज विचारले, “पाण्यावर कोणकोणते पक्षी दिसतात रे?” मग वर्ग आवरेना. पाणकावळा बुडी मारतो एकीकडे आणि वर येतो भलतीकडे, मग खांबावर पंख पसरून वाळत बसतो. जाळ्यात अडकलेला पक्षी सोडवताना चोच लागते. सारे काही मुलांना ठाऊक होते. मग हे वहीत का उतरले नाही?

कारण सरळ आहे. लिहिणे म्हणजे दुसऱ्याने केलेली वाक्ये आठवून, एका बैठकीत, न चुकता उतरवणे, अशी मुलांची समजूत झालेली असते. ही समजूत त्यांनी आपल्याकडूनच घेतलेली आहे.

पक्क्या वहीची सक्ती

संशोधनाच्या क्षेत्रात आमची बरीच वर्षे गेली. एखादा शोधनिबंध छापून येण्यापूर्वी त्याचे सहा-सात खर्डे सहज होतात. सहकारी समासात प्रश्न लिहितात, परीक्षक शंका काढतात, आणि पुष्कळदा उत्तर देण्यासाठी पुन्हा प्रयोगशाळेत जावे लागते. चार्ल्स डार्विनने उत्क्रांतीच्या कल्पनेचा पहिला आराखडा १८४२ मध्ये पेन्सिलीने लिहिला. १८४४ मध्ये तो वाढवून मोठा केला. पुस्तक निघाले १८५९ साली. म्हणजे मोठ्या माणसांना खर्डा करण्याची मुभा आहे. आठ वर्षांच्या मुलाला मात्र पहिल्याच वाक्याला पक्की वही आणि लाल शाई!

लेखनाची कार्यशाळा ही मुभा मुलांना देते. सुताराच्या कार्यशाळेत भुसा पडलेला असायचाच, तसे येथे खोडलेले शब्द असायचेच. ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील खेड्यातले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये वर्गात छोटे छपाईयंत्र आणले आणि मुलांचे स्वतःचे लेखन मुलांकडूनच छापून घेतले. अमेरिकेत डोनाल्ड ग्रेव्ह्‌ज यांनी न्यू हॅम्पशायरमधील एका प्राथमिक शाळेत दोन वर्षे मुले लिहिताना पाहिली आणि १९८३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या अनुभवाला शिक्षणाच्या मध्यभागी आणले. बारामतीहून नीरा ओलांडली की येणाऱ्या फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कमला निंबकर बालभवनात मुलाची बोली हीच भाषाशिक्षणाची सुरुवात मानली गेली.

कार्यशाळेत काय करावे?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या काही शाळांमध्ये आम्ही जे करून पाहिले, ते थोडक्यात असे. आठवड्यातून किमान तीन दिवस, एकेक तासिका. पहिली आठ-दहा मिनिटे शिक्षकांनी एकच गोष्ट दाखवायची, उदाहरणार्थ सुरुवात कशी करावी. मग वीस-पंचवीस मिनिटे सर्वांनी लिहायचे. शिक्षकांनीही लिहायचे. विषय मुलाने निवडायचा. अट एकच, ते स्वतः पाहिलेले किंवा केलेले असावे. शेवटची दहा मिनिटे दोघा-तिघांनी खर्डा मोठ्याने वाचायचा. ऐकणाऱ्यांनी ‘छान’ किंवा ‘चूक’ म्हणायचे नाही, फक्त प्रश्न विचारायचे. त्या प्रश्नांच्या आधारे दुसरा खर्डा. शुद्धलेखन त्यानंतर, आणि तेही एका वेळी दोनच गोष्टी. शेवटी पक्की प्रत भिंतीवर किंवा हाताने शिवलेल्या पुस्तकात.

एका मुलाचा पहिला खर्डा एवढाच होता : “काल पाणी आलं. आम्ही रानात गेलो. मजा आली.” वर्गाने प्रश्न विचारले. पाणी कुठून आले? किती वाजता? तू काय करत होतास? दुसऱ्या खर्ड्यात त्याने लिहिले : “आमची पाळी रातची होती. आजोबा दारं धरत होते. मी बॅटरी धरली. पाणी आधी भेगांत शिरायचं, मग पुढं सरायचं. भेगांतनं किडे वर यायचे. किडे खायला बगळे आले.” यावर एका मुलीने विचारले, “रात्री बगळे असतात का?” मुलगा गप्प झाला. पुढच्या पाळीला त्याने मुद्दाम पाहिले आणि शेवटचे वाक्य बदलले : “बगळे रात्री नव्हते. उजाडल्यावर आले.”

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी या सहा-सात वाक्यांकडे पुन्हा पाहावे. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि सुकल्यावर आकसतात, म्हणून भेगा पडतात. भेगा भरल्याशिवाय पाणी पुढे सरत नाही. बिळातले किडे पाण्यामुळे बाहेर येतात आणि पक्ष्यांना ते खाद्य आयते मिळते. माती, पाणी आणि सजीव यांचा पाठच त्याने लिहिला आहे. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की त्याने न पाहता लिहिलेले एक वाक्य प्रश्नामुळे उघडे पडले, आणि ते तपासायला तो परत रानात गेला. खर्ड्याचे खरे काम हेच. तो आपल्याला काय माहीत नाही हे दाखवतो आणि पुन्हा पाहायला पाठवतो.

आमची एक चूक

हे आम्हाला पहिल्या दिवसापासून जमले असे नाही. गळीत हंगामात इकडच्या साखर कारखान्यांवर बीड आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येतात. त्यांतली एक मुलगी काही महिने वर्गात होती. तिने पाचटाची कोपी कशी बांधतात ते दीड पानभर लिहिले होते. आम्ही सवयीने त्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि तिच्या बोलीतले शब्दही ‘शुद्ध’ करून टाकले. दुसऱ्या दिवशी तिने चार वाक्ये लिहिली : “हे घर आहे. घर छान आहे…” एकही चूक नव्हती आणि सांगण्यासारखे काहीही नव्हते. चूक टाळण्याचा खात्रीचा मार्ग तिने शोधला होता. तिला पुन्हा मोकळेपणाने लिहिते करायला तीन आठवडे लागले. पुढे हंगाम संपला आणि ती गेली. ते तीन आठवडे आम्ही वाया घालवले, ही रुखरुख आहे.

काही शंका

अभ्यासक्रम केव्हा पुरा करायचा, हा प्रश्न शिक्षक हमखास विचारतात. निबंधासाठी तासिका असतेच. तिचा उपयोग बदलायचा आहे. पट मोठा असेल तर शिक्षकांनी रोज पाच-सहा मुलांजवळच बसावे, बाकीच्यांचे प्रश्न मुले विचारतात. दोन इयत्ता एका खोलीत असतील तर उलट सोय होते, कारण येथे सर्वांनी एकच धडा गिरवायचा नसतो. शुद्धलेखनाचे काय? ते हवेच. पण आपले लिहिलेले कोणीतरी वाचणार आहे हे कळले, की मूल स्वतःहून विचारते, “सर, यातली वेलांटी कोणती?” त्या क्षणी सांगितलेला नियम लक्षात राहतो.

अर्थात सर्वच मुले लगेच लिहू लागत नाहीत. काहींनी पहिले काही दिवस चित्रेच काढली. मग चित्राखाली एक शब्द आला, नंतर वाक्य. तेवढा धीर धरावा लागतो.

तेव्हा पुढच्या आठवड्यात एक प्रयोग करून पाहावा. वहीची मागची दहा पाने ‘कच्ची पाने’ म्हणून राखून ठेवावीत. त्यांवर लाल शाई चालणार नाही असे वर्गात जाहीर करावे. मुलांना शाळेच्या आवारात दिसलेला एखादा पक्षी लिहायला सांगावा आणि वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : “हे तू कधी पाहिलेस?”