चार अक्षरांत मावते का पोरगी?

परवा ताई एक कागद घेऊन आली. एका क्लासने बारावीच्या मुलींची 'व्यक्तिमत्त्व चाचणी' घेतली होती. पैसे घेऊन, बरं का! कागदावर चार इंग्रजी अक्षरं आणि खाली शेरा: अंतर्मुख, माणसांत न रमणारी. झालं! नर्सिंगलाच जायचं म्हणून घर डोक्यावर घेणारी माझी भाची एकदम गप्प. "मावशी, मला माणसांत काम जमणारच नाही म्हणे."

म्हटलं, ही अक्षरं आली कुठून ते तर बघू. गंमत म्हणजे ती आली एका मायलेकींच्या घरातून! अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इझाबेल. लेकीने पसंत केलेला मुलगा घरी आला आणि आईला जाणवलं, हा आपल्यापेक्षा वेगळ्याच तऱ्हेने विचार करतो. (जावयाचा स्वभाव ओळखायची धडपड कुठल्या आईला चुकलीय?) त्यातून कॅथरिनबाईंना स्वभावांचा छंद लागला. १९२३ साली कार्ल युंगचं पुस्तक इंग्रजीत आलं आणि त्यांना पायाच सापडला. दुसऱ्या महायुद्धात बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत जाऊ लागल्या. कुणाला कुठलं काम मानवेल ते कळावं म्हणून इझाबेलने प्रश्नावली रचली. माणसांचे सोळा प्रकार ठरले. दोघींपैकी एकीकडेही मानसशास्त्राची पदवी नव्हती. इझाबेल तर रहस्यकथा लिहायची!

हेतू चांगला होता, पण मेख आहे ती रेघ मारण्यात. समजा, पाच फूट दोन इंचांवर रेघ मारली. वरच्या सगळ्या उंच, खालच्या सगळ्या बुटक्या. अर्ध्या इंचाने खाली राहिलेलीला बुटकी म्हणाल का? स्वभावाचंही तसंच. बहुतेक जणी मधल्या. म्हणून तर काही आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा दिली, तर अनेकांची अक्षरं बदलतात. नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नये, असं ती विकणारी कंपनीच सांगते.

मग ती आपल्याला पटते कशी? १९४८ साली बर्ट्रम फोररने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं खास वर्णन' दिलं. मुलांनी पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. अगदी मीच! प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. दिवाळी अंकातलं राशिभविष्य आठवलं ना?

आजचे संशोधक पाच गुणांवर जास्त भर देतात: नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखपणा, मिळतंजुळतं घेणं आणि मनाची अस्वस्थता. तिथे खोके नाहीत, कमी-जास्त मोजमाप आहे. तेही सरासरीचं, एकट्या मुलीचं भविष्य त्यातून निघत नाही. आणि अंतर्मुख म्हणजे माणूसघाणी नव्हे हो! गोंगाटात दमते, इतकंच.

भाचीला विचारलं, "आजीच्या पायाची जखम रोज कोण धुतं गं?"

"मीच. दुसऱ्या कुणी धुतली की ती ओरडते."

"आणि तुझ्याशी?"

"बोलत बसते. मी नुसतं ऐकते."

ताईने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे. पोरगी फोटो काढायला गेलीय.