दिसेल तेवढाच वेग

मोटारसायकलवर मी आयुष्याची छत्तीस वर्षे काढली. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून १९८३ मध्ये नोकरीला लागलो, तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. शहादा, तळोदा, धडगाव, पुन्हा शहादा अशा बदल्या होत गेल्या आणि २०१९ मध्ये निवृत्त झालो. तापीकाठचे सपाट रस्ते आणि सातपुड्यातले घाट मिळून किती किलोमीटर झाले, याचा हिशेब नाही. मीटरची केबल निम्मा काळ तुटलेलीच असायची.

पहिली गाडी राजदूत. कार्यालयाकडून वाहन अग्रिम उचलले होते आणि हप्ते पगारातून कापले जात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचे, किकवर उभे राहायचे आणि निघायचे. मागच्या सीटवर माणसाऐवजी एक पात्र बांधलेले असे. कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या वीर्यकांड्या द्रवरूप नत्रात, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात. ते पात्र दुहेरी भिंतीचे असते. आडवे झाले की नत्र सांडते आणि मानेला इजा झाली की पात्र कामातून जाते. मग पुढच्या गावी माजावर आलेली गाय तशीच राहते आणि शेतकऱ्याचे एकवीस दिवस वाया जातात. त्यामुळे मागे दुधाने काठोकाठ भरलेली घागर घेऊन बसल्यासारखी गाडी चालवण्याची सवय लागली. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. ब्रेक हळूहळू दाबायचा. खड्डा चुकवण्यासाठी एकदम हँडल फिरवायचे नाही. हे मला कुणी शिकवले नाही. त्या पात्राने शिकवले.

लोक विचारतात, किती वेगाने चालवावी? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. समोरचा रस्ता किती दिसतो, हे आधी विचारावे. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि त्या सेकंदात गाडी आपल्या वेगाने पळतच असते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी थांबायला ढोबळमानाने २२ मीटर घेते, ६० ला ४० मीटर आणि ८० ला ६४ मीटर. वेग दुप्पट झाला, तर थांबायचे अंतर जवळजवळ तिप्पट! आणि बदल्यात मिळते काय? नंदुरबार ते शहादा साधारण ४० किलोमीटर. साठने चाळीस मिनिटे, ऐंशीने तीस. वाचलेली दहा मिनिटे बहुतेक जण शहाद्याच्या स्टँडवर चहा पिण्यात घालवतात.

दिसणे म्हणजे नुसते डोळे उघडे ठेवणे नव्हे, हे जनावरांच्या डॉक्टरकीने शिकवले. म्हैस एकदा रस्त्यात उतरली की थांबत नाही आणि मागेही फिरत नाही. तिच्या शेपटीमागून जावे. शेळ्यांमधली शेवटची गेली असे कधीच समजू नये. कुत्रे हॉर्न ऐकून अर्ध्यातून परत फिरते. गाढव जिथे उभे असेल तिथेच राहते, त्यामुळे वाहनचालकाच्या दृष्टीने तेच सर्वांत शहाणे. सर्वांत धोकादायक म्हणजे वासरू. गाय रस्त्याच्या एका बाजूला आणि वासरू दुसऱ्या बाजूला असेल, तर हॉर्न वाजताच ते आईकडे धावणार. तुम्ही मधे आहात, हे त्याच्या गावीही नसते. दिवेलागणीच्या सुमारास गुरे परततात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांवर नेमके ऊन येते. त्या तासाभरात मी कधी घाई केली नाही.

तरीही पडलो. दोनदा, आणि दोन्ही वेळा चांगलाच.

पहिल्यांदा १९९१ च्या हिवाळ्यात, प्रकाशाकडून शहाद्याकडे येताना. उसाचा हंगाम, रात्रीचे आठ वाजलेले. रस्त्यातच बंद पडलेली उसाने भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना लाल कापड. त्या काळच्या मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात दिसत होते जेमतेम पंधरा-वीस मीटर, म्हणून वेग तिसाच्या आसपास होता. ट्रॉली उजेडात आली तेव्हा गाडी थांबता थांबता उसाचे शेंडे हेल्मेटवर आदळले आणि मी खाली आलो. गळपट्टीचे हाड मोडले. पात्राची मान तुटली आणि पांढऱ्या वाफेचे लोट उठले. मदतीला धावलेली माणसे ‘गॅस फुटला, गॅस फुटला’ म्हणत उलट पळाली! उघड्यावर ती वाफ निरुपद्रवी असते, हे मी आडवा पडून ओरडून सांगत होतो. हेल्मेटवर समोरून कानापर्यंत चर पडला होता. ते हेल्मेट बायकोने कित्येक वर्षे फडताळावर ठेवले होते.

दुसऱ्यांदा २००६ च्या पावसाळ्यात, चांदशैली घाटात. तळोद्याहून धडगावला जाणारा हा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णन नको. धुके होते आणि वळणापलीकडे दरडीची माती सांडलेली होती. गाडी वीसच्या वेगात होती, ती घसरत कठड्याच्या दगडाला टेकली. गुडघा सोलवटला, इतकेच. याच घाटात ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप उलटली आणि भाविक तरुणांचा बळी गेला. ती बातमी वाचताना तो दगड डोळ्यांसमोर आला.

पण मला खरा धक्का बसला तो माझ्या पडण्याने नव्हे. माझा एक सहकारी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार गाडी चालवत असे. घाटात त्याच्या मागे बसायला भीती वाटत नसे. २००९ मध्ये तो गेला. घाटात नव्हे, नुकत्याच झालेल्या गुळगुळीत सरळ रस्त्यावर. रस्ता नाल्याच्या फरशीशी खाली उतरत होता आणि त्या उतारात पाण्यावरून परतणारे वासरू होते. हेल्मेट टाकीवर ठेवलेले होते. उकडत होते म्हणून. त्याला वासरांची सवय माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. पण न दिसलेल्या वासरापुढे ज्ञान काय कामाचे?

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जग ज्याला ओळखते, तो टी. ई. लॉरेन्सही १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये असाच गेला. रस्त्यातल्या खळग्यामुळे सायकलवरची दोन मुले त्याला दिसली नाहीत. त्यांना वाचवताना तो ब्रो सुपीरिअर मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या सर्जनने पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. १९४१ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश लष्कराने आपल्या संदेशवाहकांना हेल्मेट सक्तीचे केले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच ही सक्ती आहे. तरी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. मागे बसलेली म्हणजे आपल्या घरी बहुधा बायको, आई किंवा बहीण. तिच्यासाठी दुसरे हेल्मेट घ्यायला आपण विसरतो; साडीवर शोभत नाही म्हणे!

आता रस्ते रुंद झाले, गाड्या वेगवान झाल्या. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली मुले होळीला परततात तेव्हा सातपुड्यातल्या रस्त्यांवर एकेका गाडीवर तिघे-तिघे दिसतात. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. बापजाद्यांनी ज्या वाटा पायी तुडवल्या, त्यांवर आपल्या कमाईची गाडी पळवण्याचा आनंद मला समजतो. पण खड्डेच आमचा वेग आवरत होते. त्यांना आवरायला आता काही नाही.

माझा नातू एकोणीस वर्षांचा आहे, शहाद्याला कॉलेजात. त्याला दोनशे सीसीची गाडी हवी आहे. उपदेश केला असता तर मोबाइलमध्ये बघत बसला असता. म्हणून त्याला शेताच्या बांधावर नेले आणि बावीस मोठी पावले टाकायला लावली. तिथे काठी रोवली. मग चाळीस, मग चौसष्ट. चौसष्टावी काठी रोवायला बांध संपून ओढा ओलांडावा लागला. तिकडून तो ओरडला, ‘आजोबा, आता एबीएस असते!’ त्याचे खरे आहे. त्या यंत्रणेने चाक जाम होत नाही, हँडल ताब्यात राहते. ‘पण हात ब्रेकवर जाईपर्यंतचा पहिला सेकंद?’ मी विचारले. तो ओढ्यातच थांबला आणि पहिल्या सेकंदाची पावले वेगळी मोजू लागला.

गाडी दसऱ्याला घ्यायचे ठरले आहे. दोन हेल्मेटे आधीच आली आहेत. एक त्याच्या आईच्या मापाचे. गाडीच्या रंगावरून मात्र घरात अजून वाद चालू आहे.