माप कामाचं

पुण्यातल्या एका दिव्यांग व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात आज मुलाखती आहेत. भोसरीच्या एका लहान कारखान्यात विजेचे स्विच बनतात. तिथे जोडणीला, पॅकिंगला आणि ऑफिसात माणसं हवी आहेत. कार्यशाळेच्या भिंतीलगत उमेदवार बसलेत. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल, तिच्यात यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राची झेरॉक्स आणि आयटीआयचं नाहीतर बारावीचं प्रमाणपत्र. एक आई मुलाची कॉलर सारखी सरळ करतेय आणि तो दर वेळी तिचा हात बाजूला सारतोय.

कारखान्याचे मालक येतात, सोबत सुपरवायझर आणि एचआरचा तरुण. "चहा नंतर घेऊ, आधी काम बघा," म्हणत समुपदेशक मॅडम त्यांना थेट पहिल्या टेबलापाशी नेतात.

तिथे पंचविशीचा एक तरुण बसलाय. डावा हात कोपराखाली नाही. आधीच्या नोकरीत तो पॉवर प्रेसमध्ये गेला. त्याच्यापुढे कामाच्या क्रमाने पाच बिन तिरके मांडलेत: बेस, टर्मिनल, स्प्रिंग, रॉकर, स्क्रू. मधोमध टेबलाला घट्ट बसवलेला नायलॉनचा ठोकळा आहे आणि त्यात बेसच्या मापाची खाच. हे जिग. तरुण बेस खाचेत ठेवतो, डाव्या कोपराने क्लॅम्पचा दांडा दाबतो. बेस पक्का धरला जातो. टर्मिनल, स्प्रिंग, रॉकर. डोक्यावर बॅलन्सरला टांगलेला पॉवर स्क्रूड्रायव्हर खाली ओढून तो दोन स्क्रू आवळतो आणि हात सोडतो. ड्रायव्हर आपोआप वर जातो. दांडा उचलला की तयार स्विच ट्रेमध्ये.

सुपरवायझर मोबाईलवर वेळ लावून बघताहेत. पाच स्विच होईपर्यंत ते चकार शब्द काढत नाहीत. मग ठोकळ्यावरून बोट फिरवतात. "आमच्याकडची पोरं बेस हातात धरूनच स्क्रू मारतात. बिट सटकलं की बोटात जातं. हे सगळ्याच टेबलांना बसवता येईल की."

"येईल ना! खाच तुमच्याच बेसची आहे," प्रशिक्षक सर सांगतात. ते निवृत्त टूलरूम फिटर. मागच्या आठवड्यात ते कारखान्याच्या लाईनवर जाऊन बसले होते. टेबलाची उंची, बिनपर्यंतचं अंतर, कुठल्या कामाला दोन हात लागतात आणि का, हे सगळं त्यांच्या वहीत आहे. "माणसाचं सर्टिफिकेट डॉक्टर देतात. कामाची तपासणी आम्ही करतो," ते म्हणतात. मला या केंद्राचं सगळं मर्म त्या वहीत दिसतं.

दिव्यांगांना व्यवसाय शिकवण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना व्यवसाय शिकवायला १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. पुढे ते खडकीला आलं आणि दिव्यांग जवानांना शिकवण्याचं त्याचं काम तिथे चालू राहिलं. तरीही २०११ च्या जनगणनेत देशातल्या २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी काम करणारे जेमतेम ३६ टक्के निघाले. बायकांमध्ये तर २३ टक्केच.

पुढच्या टेबलावर कॉलरवाला मुलगा उभा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, दहापर्यंत मोजताना गडबड होते. त्याच्यासमोर दहा खळग्यांची लाकडी पाटी आहे. एका खळग्यात एक स्विच. पाटी भरली की सगळे खोक्यात, झाकण, टेप. मोजायची गरजच उरलेली नाही. सुपरवायझर मुद्दाम एक स्विच काढून घेतात. मुलगा रिकाम्या खळग्याकडे बघतो, मग त्यांच्याकडे, आणि हात पुढे करतो. "द्या ना काका."

आईचा प्रश्न वेगळाच आहे. "एवढ्या लांब बसने कसा जाईल हो?"

जॉब कोच ताई तिला बाजूला घेतात. आधी काही दिवस त्या मुलाच्या शेजारी बसून जाणार. मग त्याच बसमध्ये, पण मागच्या सीटवर. मग नुसत्या कारखान्याच्या स्टॉपवर थांबणार. तो एकटा उतरून आला, की त्यांचं तिथलं काम संपलं. कारखान्यातही हाच क्रम. मॅडम मालकांना बजावतात, "नेमणूकपत्र दिलं म्हणजे आमचं काम संपलं असं नाही. अडचण आली की त्याला घरी पाठवू नका. आम्हाला फोन करा."

कॉम्प्युटरच्या टेबलाशी एक दृष्टिहीन तरुणी आहे. एचआरचा तरुण तिच्या भावाला विचारतो, "यांना ऑर्डर एन्ट्री जमेल का?"

"सर, तिलाच विचारा," मॅडम लगेच म्हणतात.

तरुणी त्याला कारखान्याचं ऑर्डरींचं पान उघडून द्यायला सांगते आणि स्पीकर चालू करते. एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचू लागतो. वेग इतका, की आम्हाला एक अक्षर कळत नाही. तिला सगळं कळतंय. ग्राहकाचं नाव, माल, नग अशा रकान्यांतून तिची बोटं भराभर जातात. शेवटी मात्र आवाज अडखळतो: "बटन. बटन. बटन."

ती थांबते. "सर, इथे तीन बटनं आहेत, पण सॉफ्टवेअरमध्ये त्यांना नावंच दिलेली नाहीत. सेव्ह कुठलं आणि डिलीट कुठलं, हे मला कळणार नाही. नावं द्यायला सांगा, मग एन्ट्री मी करते."

तो तरुण पडद्याकडे वाकून बघतो. त्याला तिथे फक्त चित्रं दिसताहेत. तो तिथूनच सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतो. "दोन दिवसांत करून देतो म्हणतोय." आता तो तिच्याशीच बोलतोय.

चहा घेताना मालक विचारतात, "कायद्याने किती जण घ्यावे लागतात?"

"सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के. आधी ३ होते, २०१६ च्या कायद्याने ४ झाले. दिव्यांगत्वाचे प्रकारही ७ वरून २१ वर गेले. खासगीत आरक्षणाची सक्ती नाही, पण समान संधी धोरण तुम्हालाही ठरवावं लागतं. आणि पगार इतर कामगारांइतकाच द्यायचा."

मालक मान डोलावतात. तिघं सोमवारपासून येतील, असं ठरतं. उरते ती व्हीलचेअरवरची मुलगी. ड्राफ्ट्समन सिव्हिल शिकलेली, स्टोअरच्या नोंदींसाठी अर्ज केलेला. तिची फाईल चाळून मालक म्हणतात, "हुशार आहे. पण आमच्या दाराला पायऱ्या आहेत."

मला वाटतं, आता विषय संपला. अशी वाक्यं ऐकून किती जण घरी परत गेले असतील!

"किती पायऱ्या?" ती विचारते.

"तीन."

"उंची?"

सुपरवायझर हाताने दाखवतात. "सहा इंच असेल."

"म्हणजे चढ दीड फुटाचा. एकास बारा उतार धरला तर रॅम्प अठरा फुटांचा होईल."

"समोर एवढी जागा नाही गं."

"समोर नकोच. भिंतीलगत नेऊन वळवू." फाईलमधला कोरा कागद काढून ती दार, भिंत आणि वळणावरचा सपाट टप्पा आखते. "शौचालयाचं दार किती रुंद आहे? तीन फूट असेल तर चाक नीट जातं."

मालक कागद हातात घेऊन बराच वेळ बघतात. "रॅम्प झाला की हिलाही घेऊ."

"झाला की म्हणजे कधी, तारीख सांगा," मॅडम पेन काढून बसल्यात.

"महिनाअखेर. पण नीट मापाचा नकाशा कोण काढून देणार?"

"मी काढते, सर," मुलगी म्हणते. "पण ते माझं काम आहे. त्याची फी लागेल."

मालक क्षणभर तिच्याकडे बघतात, मग रक्कम विचारतात. ती सांगते. मॅडम तारखेच्या खाली तीही लिहून घेतात. नोकरी मिळायच्या आधीच, कारखान्यात शिरायची वाट आखून देण्याबद्दल, तिची पहिली कमाई ठरते.