मुंबईत थंडी नाही, तरी लोकरीच्या टोप्या कुणासाठी विणल्या जातात? आणि वेणीची टोपी घट्ट का होते?

मुंबईत आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे. ही नोंद २२ जानेवारी १९६२ ची, सांताक्रूझची. गिरगाव, परळ, लालबाग हा भाग तर समुद्राला आणखी जवळचा. उपनगरांत पडतो तेवढा गारवाही इथे पडत नाही. कानटोपी निघते ती पहाटेच्या फेरफटक्यापुरती.

तरीही याच भागातल्या अनेक घरांत दोन सुयांवरचं विणकाम चालू असतं आणि त्यात सर्वांत जास्त मागणी असते ती 'वेणीच्या' म्हणजे केबलच्या टोपीला. ही टोपी दिसायला अवघड आणि विणायला सोपी असते. पण पहिल्यांदा विणणाऱ्या बहुतेकांची ती घट्ट होते. असं का होतं आणि ते टाळायचं कसं?

टोपी नेमकी कुणासाठी?

मुंबईत विणलेली लोकरीची टोपी बहुतेक वेळा मुंबईबाहेर जाते. मुलगी टोरांटोला शिकायला गेलेली असते, भाचा लेहला ड्युटीवर असतो, शेजारच्यांचा हिमालयातला ट्रेक ठरलेला असतो. शिवाय बाळंतविडा असतोच. टोपडं, मोजे, स्वेटर हा त्यातला लोकरीचा भाग आजी किंवा आत्या विणते.

याला इतिहासही आहे. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध सुरू झालं, तेव्हा देशभरातल्या घरांमध्ये बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणले. ज्यांच्यासाठी विणायचं ते समोर नव्हते, त्यांची मापंही माहीत नव्हती.

मुंबईतल्या टोपीची खरी अडचण आजही हीच आहे. तयार टोपी हवी असेल तर थंडीच्या दिवसांत परळला तिबेटी विक्रेत्यांकडे मिळते आणि ती डोक्यावर घालून बघता येते. घरी विणलेली टोपी मात्र पार्सलने जाते. ती बसली नाही, तर पंधरा दिवसांची मेहनत कपाटात पडून राहते.

'लोकर' म्हणून आपण काय विकत घेतो?

गिरणगावात सूत कातलं गेलं ते मुख्यतः कापसाचं. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, तीही कापसाचीच. लोकरीच्या विणमालासाठी देशातलं मोठं केंद्र आहे पंजाबातलं लुधियाना.

दुकानात आपण 'लोकर' म्हणून मागतो ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते, म्हणजे कृत्रिम धागा. तो स्वस्त असतो, मशीनमध्ये धुता येतो आणि त्याला कसर लागत नाही. खरी लोकर मेंढीची. ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही, म्हणून बर्फात ती जास्त उपयोगी पडते. पण तिला कसर लागते आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती नीट जपावी लागते.

दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गोळी होते.

मोठ्या माणसाच्या वेणीच्या टोपीला मध्यम जाडीची साधारण १०० ग्रॅम लोकर लागते. साधी टोपी त्याहून कमी लोकरीत होते. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या, कारण एकाच रंगाच्या दोन लॉटमध्येही छटेचा फरक पडतो.

सुयांच्या नंबरचा घोळ

आपल्याकडे सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची असते आणि ८ नंबरची ४ मिलिमीटरची. अमेरिकेत हे उलटं आहे. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते.

त्यामुळे अमेरिकन व्हिडिओ बघून '८ नंबर' घेतला, तर तुमच्या हातात एक मिलिमीटरने बारीक सुई येते आणि टोपी लहान होते. नंबर सोडून द्या, मिलिमीटर बघा.

वेणी पडते कशी?

विणकामात मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. वेणीसाठी तिसरा टाका नसतो. फक्त टाक्यांचा क्रम बदलतो.

समजा, शेजारी शेजारी सहा सुलट टाके आहेत. पहिले तीन टाके न विणता एका जादा सुईवर काढून समोर धरायचे. पुढचे तीन आधी विणायचे. मग बाजूला ठेवलेले तीन विणायचे. झाला पीळ. जादा सुई समोर धरली तर पीळ डावीकडे झुकतो, मागे धरली तर उजवीकडे. दर आठव्या ओळीला (विणणाऱ्या बायका ओळीलाही 'सुई'च म्हणतात) हेच करत गेलं की सलग वेणी दिसते.

वेणीच्या दोन्ही बाजूंना उलट टाके ठेवतात. ते मागे दबतात, म्हणून वेणी उठून दिसते. जादा सुई नसेल तर मोठी सेफ्टी पिनही चालते.

बुडालेल्या कोळ्यांची गोष्ट खरी आहे का?

वेणीचं डिझाइन जगभर पोहोचलं ते आयर्लंडजवळच्या अॅरन बेटांवरच्या स्वेटरमुळे. तिथे प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असायची आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याची ओळख त्यावरून पटायची, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिला आधार मिळालेला नाही.

या गोष्टीचं मूळ बहुधा जे. एम. सिंज यांच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात आहे. ते १९०४ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात बहीण बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते. पण ती घराण्याच्या डिझाइनवरून ओळखत नाही. तो मोजा तिनेच विणलेला असतो आणि त्यातले टाके तिने मोजलेले असतात, म्हणून ती ओळखते.

मग टोपी घट्ट का होते?

पीळ पडतो तेव्हा तीन टाके दुसऱ्या तीन टाक्यांवर चढतात. सहा टाक्यांची जागा साधारण चार टाक्यांएवढी होते. वीण आडवी आत ओढली जाते. कापड दुपदरी झाल्यामुळे टोपी उबदार होते, पण त्याच कारणाने तिची रुंदी कमी होते आणि लोकर जास्त लागते.

एक हिशेब बघा. ८ नंबरच्या सुयांवर साध्या विणीत १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात, असं धरू. टोपीचा घेर ५० सेंटिमीटर हवा असेल तर ११० टाके लागतील. डिझाइन आठ टाक्यांचं (सहा सुलट, दोन उलट) असल्याने ११२ टाके घातले.

पण वेणीच्या विणीत १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसत असतील, तर याच ११२ टाक्यांचा घेर होतो फक्त ४० सेंटिमीटर. साधारण तीन महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचं माप एवढं असतं. लोकर ताणली जाते हे खरं, पण टोपी एवढी ताणली तर वेणी सपाट होते आणि कपाळावर वळ उठतात.

यावर उपाय एकच. आधी वेणीच्याच विणीचा नमुना विणायचा. ३२ टाके आणि किमान २४ ओळी पुरतात. तो धुऊन, वाळवून, न ताणता मोजायचा. नमुन्याचा वेळ वाया जात नाही, टोपी उसवण्याचा वेळ वाचतो.

डोकं समोर नसेल तर माप कसं घ्यायचं?

फोनवर सांगा: भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून दोरी फिरव आणि ती पट्टीवर मोज. मोठ्या माणसांचं माप साधारण ५४ ते ५८ सेंटिमीटर येतं. टोपीचा घेर त्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमी ठेवायचा, म्हणजे ती ताणून नीट बसते.

टोपी विणायची कशी?

खालचे आकडे ५५ ते ५६ सेंटिमीटरच्या डोक्यासाठी आणि १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसणाऱ्या वेणीसाठी आहेत. दोन सुयांवर विणून मागे शिवणार असाल, तर दोन्ही कडांना एकेक टाका जास्त धरा.

१. १० नंबरच्या सुईवर १२० टाके घाला. दोन सुलट, दोन उलट अशी पाच-सहा सेंटिमीटरची बॉर्डर विणा.

२. बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत दर पाच टाक्यांनंतर एक टाका वाढवा. १४४ टाके होतील, म्हणजे आठ टाक्यांच्या १८ वेण्या. वाढवलेले हे टाके पीळ पडल्यावर कमी होणारी रुंदी भरून काढतात.

३. ८ नंबरच्या सुया घ्या. सहा सुलट, दोन उलट असं विणा. मागच्या बाजूने टाके जसे दिसतील तसे विणा. दर आठव्या ओळीला पीळ घाला. पीळ नेहमी सुलट बाजूनेच पडायला हवा.

४. बॉर्डरसह उंची १८ ते १९ सेंटिमीटर झाली की टाके कमी करायला लागा. आधी प्रत्येक दोन उलट टाक्यांचा एक करा, १२६ राहतील. मग प्रत्येक वेणीतल्या सहा टाक्यांचे तीन करा, ७२ राहतील. पुढे सगळ्या ओळीत दोनाचा एक, ३६. पुन्हा तसंच, १८. प्रत्येक वेळी मध्ये एक ओळ न घटवता विणा.

५. धागा लांब कापून उरलेल्या १८ टाक्यांतून ओवा, घट्ट ओढा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घाला.

टोपी अॅक्रिलिकची असेल तर तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका. वीण कायमची सैल पडते.

परळमध्येच लागणारी टोपी

लोकरीच्या नाही, पण विणलेल्या टोपीची गरज खुद्द परळमध्येही आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय इथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. देशभरातून तिथे कर्करोगाचे रुग्ण येतात. काही केमोथेरपींमध्ये केस गळतात आणि डोक्याची त्वचा नाजूक होते.

अशा रुग्णासाठी विणायचं असेल तर वेणीचा मोह टाळा. जाड पीळ आणि मागची शिवण उशीवर डोकं टेकल्यावर टोचते. मुंबईच्या उकाड्यात लोकरही नको. मऊ सुती धागा घ्या, साधी वीण घ्या आणि गोल सुईवर बिनशिवणीची टोपी विणा. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, म्हणून घेर डोक्याच्या मापापेक्षा फार कमी ठेवू नका. ओळखीचं कुणी नसेल आणि टोपी रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेला द्यायची असेल, तर तिथे काय चालतं हे विणायला बसण्याआधीच विचारून घ्या.

घरी जाणाऱ्या रुग्णासाठी मात्र वेगळा विचार करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेश किंवा बिहारला परतणाऱ्याला तिकडच्या थंडीत उबदार टोपी लागेलच. आतून मऊ सुती कापडाचं अस्तर लावलं, तर तिथे लोकरीची टोपीही चालते आणि वेणीही. फक्त अस्तराची जाडी धरून घेर दोन-तीन सेंटिमीटरने वाढवा.