तांब्यावरील नदी : चित्र आणि ताम्रपट

थोरला यान ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराने १६०७ साली तांब्याच्या पत्र्यावर रंगविलेले एक नदीदृश्य वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. त्याचा आकार जेमतेम २१ × ३२ सेंटिमीटर. तांबे तेल शोषून घेत नाही. त्यामुळे रंगांचे पातळ थर तजेलदार राहतात व सूक्ष्म रेषाही स्पष्ट उमटते. जवळचा तपकिरी, मधला हिरवा आणि दूरचा निळा अशा रंगक्रमाने नजर नदीबरोबर क्षितिजापर्यंत पोचते.

म्हैसूरच्या परिसरात तांब्यावर भूमी उतरली ती शब्दांतून. कावेरीकाठच्या तलकाडहून राज्य करणाऱ्या पश्चिम गंगांच्या अनेक ताम्रपटांत राजवंशाची प्रशस्ती संस्कृतात, तर दान दिलेल्या जमिनीच्या सीमा कन्नडमध्ये कोरलेल्या आढळतात. ओढा, तळे, झाड, वारूळ अशा खुणांनी ती जमीन बांधलेली असते. अशा लेखांचे शाईठसे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हैसूर येथील पुराभिलेख शाखेत जतन केलेले आहेत.

चित्रातील भूमी एका जागी उभे राहून पाहणाऱ्यासाठी आहे. ताम्रपटातील भूमी शिवेवरून चालत जाणाऱ्यासाठी. म्हणूनच क्षितिज नाही एवढ्यावरून भारतीय परंपरेत निसर्गदृष्टी उणी होती असे ठरविणे म्हणजे चित्राची कसोटी दानपत्राला लावणे होय. प्रशस्तीला संस्कृत आणि शिवारातील वारुळाला कन्नड का, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाला अधिक फलदायी ठरतो : जमीन ज्यांना ओळखायची होती, त्यांच्या बोलीतच तिचे वर्णन होणे आवश्यक होते.