सराव प्रश्नपत्रिकेतून होणारा अभ्यास

भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेल्या गोंदिया जिल्ह्यात विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रवेश परीक्षा दोन टप्प्यांवर येते: पाचवीत असताना नवेगावबांध येथील जवाहर नवोदय विद्यालयासाठी, आणि बारावीच्या सुमारास ‘नीट’ किंवा राज्याच्या सीईटीसाठी. २०१६ साली गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून दुसऱ्या टप्प्याचे महत्त्व इथल्या घरांत अधिकच जाणवू लागले आहे. दोन्ही टप्प्यांवर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या जातात. मात्र त्या बहुधा अभ्यास संपल्यावर, तयारी किती झाली हे पाहण्यापुरत्या सोडवल्या जातात, आणि स्मृतीविषयीचे संशोधन पाहता हा क्रमच चुकीचा आहे.

एखादी गोष्ट पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न केला की ती गोष्ट स्मृतीत अधिक पक्की होते, आणि हा लाभ तीच गोष्ट पुन्हा वाचण्याने होणाऱ्या लाभापेक्षा मोठा असतो. मानसशास्त्रात याला ‘चाचणी-परिणाम’ म्हणता येईल. अमेरिकेतील आयोवा राज्यात हर्बर्ट स्पिट्झर यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग सहावीच्या ३,६०५ मुलांवर, म्हणजे नवोदयची परीक्षा देणाऱ्या मुलांहून जेमतेम वर्षभराने मोठ्या मुलांवर, झाला होता. त्या मुलांना वाचायला दिलेल्या मजकुरात बांबूवरचा एक लेख होता, जो विषय देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यातल्या मुलांना मुद्दाम समजावून सांगावा लागणार नाही. वाचनानंतर लगेच ज्यांची चाचणी झाली त्यांच्या लक्षात तो मजकूर पुढे कित्येक आठवडे अधिक राहिला. ज्यांची पहिली चाचणी उशिरा झाली त्यांचे बरेचसे विसरून झाले होते, आणि जे विसरले गेले ते नुसत्या चाचणीने परत मिळाले नाही. चाचणी धडा शिकवल्यावर लवकर हवी, हा या प्रयोगाचा व्यावहारिक अर्थ आहे.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग याहून बोलका आहे. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा, सरासरी चौदा वेळा, वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात तीन-चार वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरला आणि लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. आपल्याला अधिक आठवेल असा विश्वास मात्र केवळ वाचणाऱ्या गटालाच सर्वांत जास्त वाटत होता. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान असा समज होतो. रात्रभर उजळणी करूनही परीक्षेत आठवत नाही, याचे एक मोठे कारण हेच आहे.

बहुपर्यायी प्रश्नांच्या बाबतीत आणखी एक धोका लक्षात ठेवावा लागतो. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे असतात आणि तेही खरे वाटतील अशा बेताने रचलेले असतात. त्यांपैकी एखादा निवडून विद्यार्थी तसाच पुढे गेला तर ती चूकच पुढे बरोबर उत्तर म्हणून आठवू शकते, असे रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ साली दाखवले. उत्तर तपासून चूक दुरुस्त झाली की हा धोका बराच कमी होतो. इतकेच नव्हे, तर खात्रीने दिलेले उत्तर चुकले आणि ते दुरुस्त झाले, तर ती दुरुस्ती विशेष चांगली लक्षात राहते. म्हणून तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेनंतर केवळ गुणांची बेरीज करून ती बाजूला ठेवणे म्हणजे तिचा सर्वांत मोलाचा भाग टाकून देणे होय.

सोडवतानाच प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’, ‘शंका’ किंवा ‘अंदाज’ अशी खूण केली, तर तपासताना केवळ चुकाच नव्हे, अंदाजाने बरोबर आलेली उत्तरेही हाती लागतात. ‘नीट’मध्ये १८० प्रश्नांना ७२० गुण असून बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. निव्वळ अंदाजाने उत्तरे दिली तर सरासरीने प्रश्नामागे पाव गुणच हाती येतो. पण एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला तर ही सरासरी दोन-तृतीयांश गुणापर्यंत चढते. स्वतःची शंका कितपत खरी ठरते, हे या खुणांवरूनच विद्यार्थ्याला कळते. नवोदयच्या परीक्षेत, जिथे ८० प्रश्नांना १०० गुण आहेत आणि गुण वजा होत नाहीत, तिथे प्रश्न कोरा सोडण्याचे कारणच उरत नाही.

या साऱ्या संशोधनातून गोंदियासारख्या जिल्ह्यासाठी निघणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की लाभ आठवण्याच्या प्रयत्नात आहे, छापील टेस्ट सिरीजच्या किमतीत नाही. शिक्षकाने तासाच्या शेवटी फळ्यावर लिहिलेले पाच प्रश्न, त्यांची वही मिटून दिलेली उत्तरे आणि त्याच तासाला झालेली तपासणी, आणि तेच प्रश्न काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी पुन्हा विचारणे, एवढ्यासाठी सालेकसा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेलाही कोणत्या शिकवणी वर्गाची गरज पडत नाही. शाळांनी हे प्रश्न परीक्षेच्या महिन्यात नव्हे, तर जूनमध्ये शाळा उघडल्यापासून विचारायला सुरुवात करावी, आणि तपासलेली प्रश्नपत्रिका गुणांसह कपाटात न ठेवता मुलांच्या हाती परत द्यावी.